सकाळी मूठ मिटत नाही: औषध लगेच सुरू करायचं की थांबून बघायचं?

चांदीचा_कारागीर (१४ जून, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. मी हुपरीचा. घरी पैंजणाचं काम. कड्या जोडायचं काम आमची ही करते, चिमट्यानं एकेक कडी उचलून. तिच्याइतका बारीक हात आमच्या गल्लीत कुणाचा नाही. वय ३४.

एप्रिलच्या मध्यापासून सकाळी उठलं की तिची मूठ मिटत नाही. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, मनगटं गरम. कणीक मळता येत नाही. तास-दीड तासानं हात जरा सैल होतो. आधी उष्णतेनं असेल म्हणून सोडून दिलं. मग गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या. गोळी असेतोवर बरं, संपली की पुन्हा तेच. शेवटी त्यांनीच कोल्हापुरात सांधेतज्ज्ञांकडं पाठवलं. रक्तात ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारे आकडे) वाढलेले, संधिवातासाठी करतात त्या तपासण्यांत आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी-सीसीपी बरंच जास्त. हातांचा एक्स-रे मात्र एकदम स्वच्छ.

डॉक्टर म्हणतात ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक ॲसिड आणि थोडे आठवडे कमी डोसचं स्टेरॉइड, आजपासून सुरू करा. मी मोबाइलवर बघितलं तर ते कॅन्सरचं औषध निघालं. आई म्हणते, एक्स-रेत काही नाही तर एवढं जड औषध कशाला, काढा चालू करू आणि गणपती झाल्यावर बघू. मलाही तसंच वाटायला लागलंय. तीन महिने थांबलो तर काय बिघडतं? अनुभव असलेल्यांनी सांगा.

पेठेतला_भावा (रात्री ९.५२)

भावा, पहिलं काम म्हणजे मोबाइल बंद कर. मी एकदा ढेकर येतोय म्हणून शोधलं आणि रात्री बारापर्यंत मृत्युपत्राच्या वाक्यावर आलो होतो.

गोठ्यातली_मी (रात्री १०.०५)

मी सांगतो ऐका. २००६ ला चिकुनगुन्या आला तेव्हा आमची अख्खी गल्ली वाकून चालायची. माझी बोटं सहा महिने अशीच सुजलेली होती, म्हशीची धार काढता येत नव्हती. शेक घेतला, क्रोसिन घेतली, आपोआप गेलं. कुठलं जड औषध घेतलं नाही. प्रत्येक सुजेला घाबरायचं नसतंय.

पुणेरी_पाहुणा (रात्री १०.११)

आपण 'मी सांगतो' लिहिलंय आणि आयडी 'गोठ्यातली'. दादा म्हणू की ताई?

गोठ्यातली_मी (रात्री १०.१३)

ताईच. आमच्याकडं बायका 'मी जातो, मी येतो'च म्हणतात. दोन दिवस राहायला या, तुम्हीपण सुधाराल.

रिपोर्ट_दाखवा (रात्री १०.३०)

दुसरी बाजू मांडतो. माझ्या वडिलांचे, वय ७१, गुडघे दुखत होते. कुणीतरी आरए फॅक्टर करायला लावला, तो जरासा पॉझिटिव्ह आला आणि घरात रडारड. नंतर कळलं की उतारवयात धडधाकट माणसातही तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. वडिलांचं दुखणं साधी झीज होती. एका आकड्यावर औषध चालू करू नका. दुसरं मत घ्या.

अक्का_कागलकर (रात्री ११.२०)

कारागीर दादा, मला टायपायला वेळ लागतो म्हणून उशीर झाला.

मी २९ वर्षांची होते, साल २००४. असंच सकाळी मूठ मिटायची नाही. सासूबाई म्हणाल्या, वात आहे, पाण्यात हात घालू नको. पण पाण्यात हात घातल्याशिवाय घर चालतंय व्हय? गोळ्या खात राहिले. मग कुणीतरी बाजारच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाच्या पुड्या सांगितल्या. तपकिरी पावडर, मधातून घ्यायची. पहिल्या पुडीनंतर दुसऱ्या दिवशी मी दोन बादल्या कपडे धुतले. मला वाटलं देवच भेटला. दीड वर्ष घेतल्या. तोंड गोल झालं, तर बायका म्हणायच्या तब्येत सुधारली. मग साखर वाढली. तो माणूस यायचा बंद झाला, पुड्या संपल्या, आणि आठवडाभर मला अंथरुणातून उठता आलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं की त्यात स्टेरॉइड असणार.

खरं औषध चालू झालं २००८ ला. म्हणजे चार वर्षांनी. तुम्ही म्हणताय तेच मेथोट्रेक्सेट, आजही घेते. आता मला सूज नाही, दुखत नाही, रिपोर्ट चांगले. पण बोटं करंगळीच्या बाजूला वळली ती वळलीच. चहा दोन्ही तळहातांत पेला धरून पिते. साडीच्या निऱ्या सून घालून देते.

मला कुणी २००४ ला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, माहीत नाही. बहुतेक नसतंच ऐकलं.

पेठेतला_भावा (रात्री ११.३१)

अक्का 🙏 आता चेष्टा करत नाही.

डॉक्टर_शाहूपुरी (१५ जून, सकाळी ६.५०)

मी फिजिशियन आहे, सांधेतज्ज्ञ नाही. वहिनींना तपासलेलंही नाही. त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण.

रिपोर्ट_दाखवा यांचं म्हणणं बरोबर आहे. आरए फॅक्टर एकटा आला म्हणून निदान होत नाही. पण इथं तो एकटा नाही. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेत, सकाळचा ताठरपणा तासाच्या वर, सहा आठवडे उलटून गेले, सीआरपी वाढलेला आणि अँटी-सीसीपी जास्त. झिजेच्या दुखण्यात ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोडतो आणि काम केल्यावर दुखणं वाढतं. इथं उलटं आहे, काम करता करता हात मोकळा होतोय.

गोठ्यातली ताईंचंही खोटं नाही. चिकुनगुन्यानंतरची सूज पुष्कळांची काही महिन्यांत ओसरते. म्हणूनच अँटी-सीसीपी बघतात. ते जास्त असलं आणि सूज टिकून असली, तर आपोआप जाण्याची आशा फार धरू नये.

आता एक्स-रे. तुम्ही म्हणता एक्स-रे स्वच्छ आहे, मग औषध कशाला. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावरच उलटते. ते अस्तर जाड होतं, फुगतं आणि कडेनं कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. एक्स-रेत दिसतं ते कुरतडलेलं हाड. म्हणजे एक्स-रेत काही दिसेपर्यंत थांबायचं, तर नुकसान होईपर्यंत थांबायचं. आणि कुरतडलेलं हाड कुठल्याच औषधानं पहिल्यासारखं होत नाही. वेदनाशामक गोळी दुखणं कमी करते, हे कुरतडणं थांबवत नाही. म्हणून 'गोळीनं बरं वाटतंय' हे इथं फसवं असतं.

युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की सांधे सुजल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञानं बघावं आणि तीन महिन्यांत मूळ आजारावरचं औषध सुरू व्हावं. एप्रिलच्या मध्यापासून मोजा. गणपतीपर्यंत पाच महिने होतात.

पंचगंगा_४३ (सकाळी ७.३०)

डॉक्टरांनी सांगितलं ते मी आमच्या भाषेत सांगतो. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. २०१९ ला ३९ झाले तेव्हा शेजारी टीव्ही, गाद्या माळ्यावर टाकत होते. आम्ही म्हटलं, २००५ ला कुठं आलं होतं घरात? बघू ४३ ला. ४३ ला बघायला गेलो तोवर बोळात पाणी. आमचा फ्रिज तरंगत होता हो.

एक्स-रे म्हणजे ४३ फूट. सूज म्हणजे ३९.

पेठेतला_भावा (सकाळी ७.४१)

आणि बोटाला राधानगरी धरणासारखे स्वयंचलित दरवाजे नसतात. (एवढी एकच चेष्टा.)

वैद्य_आजरा (सकाळी ९.१५)

पुड्यांचा विषय निघाला की सगळं खापर आयुर्वेदावर फुटतं, म्हणून लिहितोय. बाजारात पाटी घेऊन बसणारा वैद्य नसतो. माधवनिदान या आमच्या जुन्या ग्रंथात आमवातावर, म्हणजे अशाच सांधे सुजणाऱ्या रोगावर, स्वतंत्र प्रकरण आहे, आणि रोग साध्य, कष्टसाध्य की याप्य (बरा न होता नुसता आटोक्यात राहणारा) हे बघताना तो नवा की जुना हा विचार आमच्याकडेही आहेच. थांबून बघा असं शास्त्र कुठंच सांगत नाही. माझ्याकडे असे रुग्ण येतात. पथ्य, लंघन, एरंडस्नेह (एरंडेल) यांनी काहींना आराम पडतो हे मी पाहिलंय.

रिपोर्ट_दाखवा (सकाळी ९.२८)

आराम पडतो म्हणजे दुखणं कमी होतं की सीआरपी उतरतो? तुम्ही मोजता का?

वैद्य_आजरा (सकाळी ९.५०)

दर महिन्याला मोजतो. उतरत नसेल तर तज्ज्ञाकडे पाठवतो, आणि अँटी-सीसीपी एवढं जास्त असेल तर पहिल्या दिवशीच पाठवतो. कारागिरांच्या आईंना माझं नाव सांगून काढ्याचा आग्रह धरू नका म्हणा. पण तुमचा सूर मला आवडला नाही.

रिपोर्ट_दाखवा (सकाळी ९.५५)

सूर माझ्या बायकोलाही आवडत नाही. उत्तर मात्र आवडलं, मनापासून.

लाल_माती (दुपारी १.१०)

माझा आजार वेगळा आहे, पण गोष्ट तीच.

मी तालमीतला. २२ व्या वर्षी कंबर धरायला लागली. वस्ताद म्हणाले लचक भरली असेल. चोळून घेतलं, मालिश केली, एकानं तर पाठीवर पाय देऊन काड्कन आवाज काढला. गंमत अशी की पहाटे अडीच-तीनला दुखून जाग यायची, आणि जोर-बैठका मारल्या की बरं वाटायचं. लचक असती तर मेहनतीनं वाढली असती ना? पण तेव्हा एवढी अक्कल नव्हती. विश्रांती घेतली की जास्त जाम व्हायचो.

सात वर्षं गेली. एक दिवस डोळा लालभडक झाला, उजेड सोसवेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, तुमची कंबर दुखते का? मी चाटच पडलो. त्यांनीच सांधेतज्ज्ञांकडं पाठवलं. रक्तात एचएलए-बी२७ ही जनुकाची खूण पॉझिटिव्ह. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात. आता इंजेक्शनं चालू आहेत, दुखणं नाही, पोरांना शिकवतो. पण मणके जे जुळले ते जुळले. मागून कुणी हाक मारली तर मान वळत नाही, अख्खा वळतो. पोरं म्हणतात, वस्ताद डावच टाकतात जणू.

पुणेरी_पाहुणा (दुपारी १.४०)

उत्तम धागा. एक शंका. 'संधिवात' या शब्दात संधी म्हणजे सांधा. पण इथं सगळे ज्या पहिल्या काही महिन्यांबद्दल बोलताहेत, तीही संधीच. भाषेनं आधीच सांगून ठेवलंय.

पेठेतला_भावा (दुपारी १.४४)

पुण्याची माणसं आजारातही व्युत्पत्ती काढतात. पण ह्या वेळी मान्य.

बरं डॉक्टर, मुद्द्याचं. माझा पायाचा अंगठा रात्रीतून टोमॅटो झाला होता. चादर लागली तरी बोंब. युरिक ॲसिड ९. हेच का ते? आणि तांबडा रस्सा बंद का?

डॉक्टर_शाहूपुरी (दुपारी ३.०५)

ते नव्हे. तुमचं बहुधा गाऊट, त्यात सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचतात. उपचार पूर्ण वेगळे. ॲटॅक आला की पहिल्या दिवसातच औषध घेतलं तर लवकर आटोक्यात येतो, आणि वारंवार येत असेल तर युरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवायचं. रस्सा कधीमधी चालेल, त्यासोबतची बिअर नको. बाकी स्वतंत्र धागा काढा.

औषधवाली (सायं. ५.३०)

कुणी न लिहिलेली गोष्ट लिहिते. मी मेडिकल दुकानात बसते.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. माझ्या माहितीतल्या एका आजींनी बाकीच्या गोळ्यांसारखी ती रोज घेतली, आठ-दहा दिवस. तोंडभर फोड आले, रक्तातल्या पेशी उतरल्या, ॲडमिट करावं लागलं. वाचल्या, पण थोडक्यात. म्हणून एक वार ठरवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा आणि गोळी वेगळ्या डबीत ठेवा. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या वारी.

गोठ्यातली_मी (सायं. ५.४१)

अंबाबाईचा वार ठरवा की, विसरणार नाही.

औषधवाली (सायं. ५.४४)

मंगळवार की शुक्रवार? बघा, झाले ना दोन. म्हणून देवाचा वार नको. हुपरीत कामाला सुट्टी कधी असते तो धरा, कारण काहींना दुसऱ्या दिवशी मळमळतं.

आणि दुसरी गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिली तर डोळ्यांची तपासणी सांगतील तेव्हा करा. २०२० ला ही गोळी करोनावर चालते म्हणून लोकांनी घरात भरून ठेवली आणि आमचे नेहमीचे सांध्यांचे पेशंट चिठ्ठी घेऊन दुकानं फिरत होते. एक ताई रडली होती काउंटरवर. तो राग माझा अजून गेलेला नाही.

चांदीचा_कारागीर (रात्री ८.१५)

सगळ्यांचे आभार. दुकान बंद करून सगळं वाचलं. दोन शंका. कॅन्सरचं औषध ते हेच का? आणि स्टेरॉइडमुळं अक्कांचं एवढं झालं, तर आमच्या डॉक्टरांनी तेच का दिलंय?

डॉक्टर_शाहूपुरी (रात्री ९.००)

औषध तेच, पण कॅन्सरमध्ये डोस कितीतरी पटींनी मोठा. सांध्यांसाठी आठवड्याला साधारण १० ते २५ मिलिग्रॅम. अमेरिकेत या आजारासाठी १९८८ ला मान्यता मिळाली. म्हणजे नवीन प्रयोग नाही. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि मग दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी करायची, यकृत आणि पेशी बघायला. ती चुकवायची नाही. दारू नको. आणि मूल होऊ द्यायचं असेल तर हे औषध चालत नाही, आधी डॉक्टरांना सांगून बंद करून दुसरं घ्यावं लागतं. हे वहिनींना स्पष्ट विचारा.

स्टेरॉइडचं सांगतो. १९४८ ला अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी ऱ्हुमॅटॉइडनं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन दिलं. काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० ला नोबेल मिळालं. आणि मग त्याच औषधाचे दुष्परिणाम दिसायला लागले: हाडं ठिसूळ, साखर, मोतीबिंदू. अक्कांच्या पुडीची जादू तीच होती, फक्त डोस माहीत नाही, मुदत माहीत नाही, आणि एकदम बंद. वर्षभर घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. तुमच्या डॉक्टरांनी दिलंय ते कमी डोसमध्ये, मोजून, कमी करत नेऊन बंद करायचं. कारण मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर आजार मोकाट सोडायचा नाही.

अजून एक. नुसती गोळी चालू केली की काम झालं असं नाही. २००४ ला ग्लासगोचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ११० रुग्ण, दोन गट. एका गटाला नेहमीसारखं अधूनमधून बघितलं. दुसऱ्याला दर महिन्याला बोलावलं, सुजलेले सांधे मोजले आणि आजार आटोक्यात नसेल तर औषध वाढवलं. दीड वर्षानं पहिल्या गटात १६ टक्के लोकांचा आजार शांत होता, दुसऱ्यात ६५ टक्के. औषधं साधारण तीच होती. म्हणून डॉक्टर बोलावतील तेव्हा, बरं वाटत असलं तरी, जायचं.

रिपोर्ट_दाखवा (रात्री ९.१२)

हा आकडा मला आवडला. दुसऱ्या मताचा माझा सल्ला मागे घेतो. घ्यायचंच असेल तर गोळी चालू ठेवून घ्या.

चांदीचा_कारागीर (१७ जून, रात्री १०.२०)

आईला अक्कांचं पत्र वाचून दाखवलं. ती मधे काही बोलली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "त्या बाईला निऱ्या घालता येत नाहीत व्हय?"

पहिली गोळी आज घेतली. बुधवार ठरलाय. मुलं दोन आहेत, ऑपरेशन झालंय, तोही प्रश्न नाही.

अक्का_कागलकर (रात्री १०.४८)

👍 तिला म्हणावं सहा आठवडे काही वाटलं नाही तरी सोडू नको. मला नवव्या आठवड्यात फरक पडला होता.

लाल_माती (९ ऑक्टोबर, सकाळी ७.०५)

धागा वर काढतोय. कारागीर, काय झालं वहिनींचं?

चांदीचा_कारागीर (९ ऑक्टोबर, दुपारी २.३०)

लिहायचं राहूनच गेलं, दसऱ्याची कामं होती.

सरळ झालं नाही सगळं. स्टेरॉइडनं पहिल्या आठवड्यात एकदम बरं वाटलं, ते कमी केल्यावर पुन्हा सूज. जुलैअखेर ही म्हणाली, बुधवारी गोळी खायची, गुरुवारभर मळमळायचं आणि हात तसाच, नको मला. भांडण झालं. खोटं कशाला बोलू, मीपण डगमगलो होतो. डॉक्टरांनी डोस वाढवला, सोबत दुसरी गोळी दिली. ऑगस्टमध्ये एकदा यकृताचा आकडा जरा वाढला म्हणून दोन आठवडे थांबवून पुन्हा चालू केली. गणपतीत मोदक तिनंच वळले, कळ्या मात्र आईनं पाडल्या.

आता सीआरपी नॉर्मल. स्टेरॉइड बंद. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अजून सूज आहे, त्यामुळं डॉक्टर म्हणतात अजून पूर्ण आटोक्यात नाही. बारीक कड्या दिवसाला चार तास जोडते, आधी आठ जोडायची. लग्नातली अंगठी अजून बोटात जात नाही, करंगळीत घालते.

पेठेतला_भावा (दुपारी २.३७)

नाद खुळा! मी रस्सा कमी केलाय, बिअर सोडली. विचारलं नाही कुणी, तरी सांगतो.

अक्का_कागलकर (दुपारी ३.२६)

सकाळी मूठ मिटायला किती वेळ लागतो आता?

चांदीचा_कारागीर (दुपारी ३.३१)

चहाला उकळी येईपर्यंत.